नर्सबाईंचा गुलाब

आमच्या दारात गच्च पाकळ्यांचा एक गावठी गुलाब आहे. घरात त्याला ‘नर्सबाईचो’ म्हणतात. या नर्सबाईंचं नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. माझ्या लहानपणी त्या शेजारच्या भाड्याच्या घरात एकट्या राहायच्या, आणि गुलाब आईने त्यांच्याकडून चोरला होता.

मागून आणलेली फांदी जगत नाही, चोरलेली जगते, असा आमच्याकडे ठाम समज आहे. म्हणून आईने दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून हात घालून एक फांदी मोडली आणि दारात लावली. ती जगली, वर फुललीही. मग नर्सबाईंना चहाला बोलवायची सोय राहिली नाही; आल्या असत्या तर पहिलं ते झाडच दिसलं असतं. तीन वर्षं आईने त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पुढे त्यांची बदली झाली.

यंदा, ब्याऐंशीव्या वर्षी, आईने फर्मान काढलं. “तिका शोध. गुलाब मी चोरलो, म्हणान सांग. ह्यां मनात ठेवन माका मरूचा नाय.”

आरोग्य केंद्रात कारकुनाने नाव विचारलं. मी गुलाबाचं वर्णन केलं. त्याने शांतपणे पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेर बाकावर एक निवृत्त शिपाई बसला होता, त्याने लगेच ओळखलं. “ती फुलांची येडी? वैभववाडीक आसा, स्टेशनाच्या वाटेर.”

नर्सबाई अंगणात झाडांना पाणी घालत होत्या. मी ओळख सांगितली आणि आईचा गुन्हा एका दमात कबूल केला. त्या हसल्या.

“गुलाबाचं माहीत होतं मला. तुझी आई रोज बघून जायची, म्हणून मीच एक फांदी गडग्यावर वळवून ठेवली होती.” मग नळ बंद करत म्हणाल्या, “पण चहाला का नाही बोलावलं कधी? मला वाटलं, आमच्या जातीचं माणूस तुमच्या घरात चालत नसेल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य गाळायचं वाटेत ठरवलं होतं, पण गाळलं नाही. आई म्हणाली, “उद्या गाडी सांग.”

“थंय जावन काय करतलंस?”

“तिच्या घरात बसतलंय,” आई म्हणाली, “आणि चाय मागतलंय.”