तात्यांना पाठवलेला पाय

माझ्या लग्नाच्या वहाणांची ऑर्डर दिली तेव्हा गोवा केंद्रशासित प्रदेश होता. त्या माझ्या पायात पडल्या तेव्हा गोवा राज्य झालेलं होतं.

मधल्या काळात दिल्लीहूनसुद्धा उत्तर आलं, पण डिचोलीहून येईना!

आमचं घर पेडणे तालुक्यात, हळर्णला. मी वास्कोला एका गोदामात कारकून. शनिवारी घरी यायचं आणि सोमवारी पहिल्या बसने परत. लग्न ठरलं सुर्ल्याच्या सुलभाशी. पत्रिका जुळली, घरं जुळली, अडलं ते पायापाशी. लहानपणापासून शेतातल्या चिखलात वाढलेला माझा पाय चांगला फूटभर लांब, आणि पाची बोटांची तोंडं पाच दिशांना. म्हापशाच्या दुकानदाराने एकदा खाली वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "वहाण नाय बसूची रे तुका. वहाणेचो खोको बसतलो!"

तेव्हा माझे होणारे सासरे पुढे सरसावले. "आमच्या डिचोलीच्या दत्तूतात्यांकडे बांधून घेऊया. मूळचा कोल्हापूरकडचा कारागीर. त्याची वहाण वीस वर्षं टिकते." (बनायला किती वर्षं लागतात ते त्यांनी सांगितलं नाही.)

शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, आसपास आम्ही दोघे तात्यांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे बस स्टँडमागची एक खोली. चामड्याचा वास, छतापर्यंत लाकडी ठोकळे आणि मधे एका मोडक्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, तात्या. त्यांनी जमिनीवर कोरा कागद पसरला आणि म्हणाले, "ठेवा पाय."

मी ठेवला. कागद संपला, पाय उरला!

सासरे कौतुकाने वाकून बघत होते. "बाप रे," ते म्हणाले, "हो पाय काय व्हडें?" व्हडें म्हणजे होडी. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आज ना उद्या हे सुलभाच्या कानावर जाणार! तात्यांनी पेन्सिल टेकवली आणि त्याच क्षणी मी हळूच पाची बोटं आखडून आत घेतली. पाय चांगला दोन बोटं आखूड झाला आणि कागदावर नीट मावला. सासऱ्यांचा चेहरा खुलला. तात्यांनी मात्र एकदा पायाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. बोलणं हा त्यांचा धंदाच नव्हता.

"कधी होतील?" मी विचारलं.

"झाल्यातच म्हना की!"

हे वाक्य मी पुढे चतुर्थीपर्यंत ऐकलं. एप्रिलात गेलो, झाल्यातच म्हना की. मे संपता संपता गेलो, सगळ्या गावात राज्य झाल्याची चर्चा, तात्या चामडं भिजवत बसलेले. झाल्यातच म्हना की. पावसात नदी ओलांडून, दोन बस बदलून, भिजून चिंब होऊन गेलो, तर तात्यांनी मलाच चहा पाजला, डोकं पुसायला स्वतःचं उपरणं दिलं आणि इतक्या मायेने "झाल्यातच" म्हणाले, की रागावायचं राहूनच गेलं.

चतुर्थीनंतर घरी एक पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच शब्द: "पाय पाठवणे."

बाबांनी ते तीनदा वाचलं. मग आईला हाक मारली. "अगो, तात्या रघूचो पाय मागता!"

"आणि पायाबरोबर रघू नको?" आईने विचारलं.

"तसा काय लिहूक नाय."

शनिवारी मी घरी आल्यावर सभा भरली. बाबांच्या मते तात्यांकडून माप हरवलं होतं. लगेच त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि मला उभं केलं. पेन्सिल घेऊन आई बसली. आता खरा पाय काढला असता तर पहिलं माप खोटं ठरलं असतं, आणि कागद सासऱ्यांच्या डोळ्यांखाली गेला असता तर? मी पुन्हा बोटं आखडली! (त्यात आईची पेन्सिल गुदगुल्या करत होती, त्यामुळे टाचेला एक कोपरा आला.) ते माप डिचोलीच्या बस कंडक्टरच्या हाती रवाना झालं.

पंधरा दिवसांनी दुसरं कार्ड: "तोच आला. दुसरा पाठवणे."

"दुसरो म्हणजे डावो!" बाबांनी एका क्षणात निकाल दिला. डावा पाय गेला. तोही आखडूनच, दोन्ही सारखे दिसायला नकोत?

तिसरं कार्ड आलं. "खरा पाठवणे."

आता बाबा भडकले. "खरो? आमच्या घरात खोटे पाय आसत? तीन पिढ्यांत कोणी असो अपमान करूक नाय!" ते तात्यांना खरमरीत पत्र लिहायला बसले. आई माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी घाईघाईने गोठ्यात जाऊन म्हशीला गवत घातलं. तिला नुकतंच घातलेलं होतं.

पुढच्या रविवारी कबुली द्यायला मी स्वतः डिचोली गाठली. दुकान बंद! दारावर खडूने लिहिलं होतं: "येतो."

"कधी येणार?" मी शेजारच्या शिंप्याला विचारलं.

"गावाक गेला तो. थंय बरयलां मरे, येतो म्हणून!" त्याने दारावरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं.

अशा रीतीने लग्नाचा दिवस उजाडला. डिसेंबरची छान थंड सकाळ, सुर्ल्याला मांडव, अंगावर रेशमी धोतर, डोक्याला फेटा आणि पायात निळ्या पट्ट्याच्या रबरी सपाता! त्यांतूनही टाचा बाहेर. फोटोग्राफरला मी हळूच सांगितलं, "कमरेच्या वरचे काढ."

पण भटजींना कोण सांगणार? त्यांनी मला पाटावर बसवलं आणि जावयाचे पाय धुण्यासाठी सासऱ्यांना बोलावलं. सासूबाईंनी पितळेचं ताट पुढे सरकवलं. मी पाय ठेवला. बोटं आखडली. पण पाण्याची पहिलीच धार इतकी गार पडली, की "आई गं!" करत पाची बोटं एकदम उघडली आणि ताटाच्या काठाबाहेर रांगेने उभी राहिली!

सासऱ्यांच्या हातातला तांब्या तसाच थांबला. "जावईबापू," ते पुटपुटले, "तेव्हा तर पाय..."

तेवढ्यात मांडवाबाहेर खनिजाचा ट्रक थांबला. त्यातून डोक्यापासून पायापर्यंत लाल धुळीने माखलेला एक माणूस उतरला. काखेत वर्तमानपत्राचं पुडकं. तो थेट पाटाशी आला, ताटाबाहेरच्या बोटांकडे पाहिलं आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा आनंदाने ओरडला, "हां! ह्यो खरा पाय!"

दत्तूतात्या!

"तीन येळा कागदावर माप निघालं," ते सगळ्यांना सांगायला लागले. नऊ महिन्यांत न बोललेले तात्या नेमके आत्ता बोलते झाले! "तिन्हीत बोटं न्हाईत, नुसती पेरं! पाव्हण्यांनी पाय आखडून दिलाय. त्या मापाच्या वहाणा घालून त्यो सात पावलं तरी चालंल का? दोन जोड कापून टाकले. शेवटी गावाकडं जाऊन भावाकडनं मोठा ठोकळा करून आनला आन् नजरंनं बांधल्या."

मांडवात हसू फुटलं. बाबांनी फेट्याचं टोक तोंडात कोंबलं. आतल्या खोलीतून बांगड्यांचा आवाज आणि एक मोकळं, खळखळून हसणं ऐकू आलं. सुलभाचं. आयुष्यभराची लाज एका सकाळीत उरकली, आणि कसं कोण जाणे, मलाही हसू आलं.

तात्यांनी स्वतःच्या उपरण्याने माझे पाय पुसले आणि वहाणा चढवल्या. काय सांगू! बोटं पाच दिशांना, आणि प्रत्येकाला हवी तेवढी जागा. इतकं सुख मला पायांनी कधी दिलं नव्हतं. मी उठून एक पाऊल टाकलं.

कर्रर्र!

दुसरं टाकलं. कुर्रर्र!

"तात्या, हे काय?"

"उशीर झाला न्हवं," तात्या ओशाळून म्हणाले, "म्हनून आवाज घातलाय. जास्तीचा!"

पहिल्या सणाला सुर्ल्याला गेलो तेव्हा दुपारी सगळे आडवे झाल्यावर मला नेवऱ्यांची, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांची, आठवण झाली. परसातून करकरत स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत गेलो, हुशारीने वहाणा काढून काखेत घेतल्या आणि चवड्यांवर आत शिरलो. डब्याचं झाकण उघडतो न उघडतो तोच ओसरीवरून सासऱ्यांचा झोपाळलेला आवाज आला,

"सुलभा, जावई वाजायचे थांबले. नेवऱ्यांचा डबा बघ गो!"