भरल्या गाडीचं माप

गुणाजी परबाला जगातली बहुतेक माणसं हलकी वाटत, आणि हे त्याने कधी कुणापासून लपवलं नाही. घाटकोपरच्या टेकडीमागे जयवंतशेठची दगडाची खाण होती. तिथे तो फिटर. मुकादमाला तो ‘शिट्टी लावलेलो खांब’ म्हणे. कारकुनाचं नाव त्याने नुसतं ‘टोपी’ ठेवलं होतं. ड्रायव्हर दशरथ तर त्याच्या सख्ख्या बहिणीचा, कुंदाचा, नवरा; त्याच्या वाट्याला नात्याची सवलत म्हणून एवढंच यायचं, “गरीब गाय. हाक मारली तर मान हलवता.”

पण या माणसाचा एक नियम होता आणि तो त्याने स्वतःवरच लादून घेतला होता. ट्रकच्या पुढच्या चाकांचे दांडे ज्याने जुळवले, त्याने भरल्या गाडीच्या पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. एक लांब दांडा स्टिअरिंगच्या डब्याकडून चाकाकडे जातो, दुसरा आडवा दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधतो. त्यांची लांबी चुकली, की गाडी ड्रायव्हरचं ऐकेनाशी होते. अकरा वर्षं दर वेळी गुणाजी असा बसला होता, तोंडात तंबाखू आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून.

चोपन्न सालच्या नवरात्रात खाणीवर नंदकिशोर अवतरला. शेठच्या बायकोचा भाऊ, राहणारा पार्ल्याचा. मोटारविद्येचं प्रमाणपत्र त्याने टपालाने शिकून मिळवलं होतं. पँटीची इस्त्री सांभाळत तो दगडांतून असा चाले, की जणू दगडांनीच बाजूला व्हावं. लष्कराने विकून टाकलेला एक ट्रक शेठने घेतला होता, चारही चाकांना जोर असलेला. खाणीतल्या धोंड्यांना पोट लागू नये म्हणून नंदकिशोरने त्याच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पाटे घालून तो वीतभर उंच करवला. उंची वाढली, तसे दांडेही नव्याने जुळवणं आलं. तेही त्याने स्वतःच केलं. गाडी जॅकवर चढवली, चाकं हवेत लोंबत ठेवली, चामड्याच्या पाकिटातून चकचकीत टेप काढली, वहीत आकडे लिहिले आणि नट आवळून घेतले.

गुणाजी बाजूला उभा राहून बघत होता.

“साहेब, गाडी आभाळात चलतली काय?”

“म्हणजे?”

“म्हणजे चाकं जमिनीवर टेकवा. आत दगड भरा. पाटे दबले, की तो तिरपा लांब दांडा सरळ होतो नि चाकाला ढकलतो. माप भरल्या गाडीचं घ्यायचं.”

“पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नाही,” नंदकिशोर म्हणाला. “आणि पूजेच्या गाडीत दगड? परवा दसरा आहे, गुणाजी. रंग ओला आहे अजून.”

शेठलाही ते पटलं. नव्या रंगाच्या, हार घालायच्या गाडीत सणाआधी धोंडे कोण टाकील? दसऱ्याला सकाळी दशरथने पहिला भरलेला फेरा खाली न्यायचा, असं ठरलं.

खाली म्हणजे कुठे, ते गुणाजीला माहीत होतं. खाणीची उतरण अर्ध्यावर उजवीकडे वळते, आणि डाव्या हाताला सरळ खड्डा आहे. भरली गाडी दबली, की हे हवेतलं माप चाकांना डावीकडे ढकलणार. स्टिअरिंग उजवीकडे पुरतं फिरवलं, तरी चाकं अर्ध्यावरच अडणार. हे त्याने दशरथला दोनदा समजावलं. दशरथने दोन्ही वेळा मान हलवली.

“मग सांग शेठला, नेत नाय म्हणून!”

“दादा, मी कसा सांगू? ते शिकलेले.”

“तू मर. शिकलेले तुझ्या तेराव्याक येतीत,” गुणाजी म्हणाला आणि थुंकला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शेडमध्ये पाटावर सगळी हत्यारं मांडली होती: घण, पहारी, जॅक, पान्हे. प्रत्येकावर हळदकुंकू, वर झेंडू. पूजेला ठेवलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलायचं नाही, हे खाणीवरच्या पोरासोरालाही ठाऊक. गुणाजीची बायको रुक्मिणी नैवेद्य घेऊन आली होती. आरती झाली, खोबरं वाटून झालं, आणि गुणाजी सगळ्यांसमोर शेठपुढे जाऊन उभा राहिला.

“शेठ, माझा नियम तुम्हाला म्हायती. उद्या दशरथच्या बाजूला कोण बसतंय?”

“तूच की. नेहमीचंच आहे ते.”

“दांडे मी नाय जुळवले. ज्यांनी जुळवले ते बसतील.” त्याने नंदकिशोरकडे पाहिलं. “साहेब, वहीपण घेऊन बसा वांगडा. वळणावर वाचूक होईल.”

लोक हसले. नंदकिशोरही हसला, पण उशिरा. “मी? अरे, मला उद्या सकाळी पार्ल्यात... सोनं वाटायला नातेवाईक येणार आहेत.”

“मग आत्ता बसा. पाटीनं दगड भरायला अर्धा तास.”

“या पँटीवर?”

जयवंतशेठ फार हुशार माणूस नव्हता. पण माणूस कुठे बसायला नको म्हणतो, यावरून पुष्कळ कळतं. तो मेव्हण्याच्या पँटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दगड भरा.”

हार बाजूला करून दगड भरले. पाटे कुरकुरत दबले. गुणाजीने दशरथला स्टिअरिंग सरळ धरायला लावलं आणि लोकांना समोर बोलावलं. दोन्ही चाकं डावीकडे बघत होती. मग उजवीकडे पुरतं फिरवायला लावलं. चाकं अर्धी वळली आणि अडली. दशरथने खाली उतरून वाकून दोन्ही चाकं पाहिली.

“जुळव,” शेठ म्हणाला.

पण पान्हा पाटावर होता, झेंडूखाली. गुणाजीने हात पुढे केला आणि मागे घेतला. साऱ्या जगाला हलकं समजणारा तो माणूस देवीपुढे मात्र अडला. तेवढ्यात रुक्मिणी पुढे झाली. फुलं बाजूला सारून तिने मोठा पान्हा उचलला, पदराने कुंकू पुसलं आणि नवऱ्याच्या हातात दिला.

“देवीक मी सांगतंय. तिका काय कुंदाचो घोव खड्ड्यात गेलेलो आवडात?”

गुणाजी गाडीखाली शिरला. लांब दांड्याच्या टोकाचे आटे फिरवत, बाहेर डोकं काढून चाक बघत, पुन्हा आत जात, तासाभराने तो उठला. टेप त्याने मागितली नाही. सुतळी आणि खडूच त्याला पुरले.

दसऱ्याला सकाळी तो दशरथच्या शेजारी बसला. वळणावर ट्रक उजवीकडे असा गेला, जसा बैल ओळखीच्या गोठ्यात वळतो. खाली आपट्याची पानं हातात घेऊन नंदकिशोर उभा होता. पार्ल्याचे नातेवाईक बहुधा लवकर आटोपले असावेत. तो शेठला म्हणाला, “बघा, उंची वाढवल्याने केवढी साफ चालते!”

गुणाजीने ऐकलं. नंदकिशोरने पुढे केलेलं पान त्याने घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि दशरथच्या खिशात खोचलं.

“तुका ठेव. मी मापाशिवाय काय घेत नाय.”

आणि दशरथने, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, मान हलवली नाही. तो मोठ्याने हसला.