अंबूकाकीचा फोन

क्रांती कांबळेचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान कराडहून विट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एस.टी. थांब्याला लागून होतं. हे काम ती माधवनगरात मामाकडं राहून शिकली. गावात दुकान टाकलं तेव्हा आधी कुणी फिरकेना. बाई, त्यात बौद्धवस्तीतली. पण कराडपेक्षा इथं काम लवकर होतंय म्हटल्यावर हळूहळू सगळ्यांचे फोन तिच्या टेबलावर आले. तिच्या हातचं पाणी घ्यायला का-कू करणारे लोक पासवर्ड मात्र बिनधास्त सांगायचे.

शेजारच्या गावात एका फलकावरून दगडफेक झाली आणि वरून हुकूम निघाला. अफवा पसरू नयेत म्हणून निरोपाचे, व्हिडिओचे सगळे अ‍ॅप बंद. बाकीचं नेट रखडत चालू.

दुसऱ्याच दिवशी अंबूबाई दुकानात आली. तिचा लेक नाथाजी लष्करात. बर्फात पाय गारठून तो दवाखान्यात पडला होता.

"आवाज येतोय गं त्याचा," अंबूबाई म्हणाली. "पन बरा हाय म्हनतोय ते खरं का खोटं? मला त्याचा पाय बघायचाय."

क्रांतीनं तिच्या फोनात व्हीपीएन टाकून दिलं. "काकी, आता तुमचा फोन सिंगापुरात हाय असं दिसतंय. बंदी हितल्या फोनांला हाय. कुनाला सांगू नका."

नाथाजी पडद्यावर आला. आईनं हट्टच धरला तेव्हा त्यानं चादर सरकवली. दोन बोटं नव्हती. अंबूबाई क्रांतीच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मग रोज दुपारी यायला लागली.

तिचा पुतण्या विश्वजीत. त्याला सुगावा लागलाच.

"माझ्यात बी टाक की ते."

"तुला न्हाई देनार. तुझ्या ग्रुपवर काय चालतंय ते ठावं हाय मला."

"बरं," तो हसून म्हणाला. "बघू."

आठवडाभरात एक व्हिडिओ गावभर झाला. कुठल्या तरी परमुलखातल्या हाणामारीचा, पण खाली नाव आपल्याच बाजारपेठेचं. आधी तो तसलंच व्हीपीएन असलेल्या चार पोरांना गेला, तिथून ब्लूटूथवरनं हातोहात फिरला. संध्याकाळी जमावानं एका फळवाल्याचा गाडा पेटवला. गाडा वाचवायला गेलेल्या त्या माणसाचे दोन्ही हात भाजले.

पोलिसांनी माग काढला. व्हिडिओ पहिल्यांदा अंबूबाईच्या फोनावरून गेला होता.

त्या दिवशी भावकी अंबूबाईच्या घरी बसली होती. तिथं काय ठरलं ते क्रांतीला ठाण्यात कळलं.

"ह्या पोरीनं माज्या फोनात कायबाय घातलं," अंबूबाई फौजदाराला सांगत होती. "फोन तिच्याकडंच असायचा."

"काकी, माझ्याकडं बघून सांगा."

अंबूबाईनं पदर पुढं ओढला. "सायेब, मला लिवता-वाचता येत न्हाई. मी काय धाडनार?"

"व्हीपीएन तू टाकलंस?" फौजदारानं विचारलं.

"व्हय. पन तिला लेक बघायचा हुता म्हनून."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. 'व्हय' तेवढं लिहून घेतलं.

ती कोठडीत असताना दुकानाचं शटर फोडलं गेलं. दुरुस्तीला आलेले फोन लोकांनी उचलून नेले, आणि ज्यांचे गेले ते तिच्या बापाच्या दारात भरपाई मागत उभे राहिले. विश्वजीतला गावच्या शांतता समितीत घेतलं.

जामीन झाल्यावर ती माधवनगरला मामाच्या दुकानात बसायला लागली. तिथं एकदा नाथाजीचा फोन आला.

"ताई, तो व्हिडिओ गेला त्या दुपारी मी आईला साधा फोन लावला हुता. विश्वजीतनं उचलला. काकू रानात गेलीय, फोन माझ्याकडं हाय म्हनला. मला तवाच संशय आला हुता."

"मग सांगा की हे पोलिसांना," क्रांती म्हणाली.

"सांगतो," तो म्हणाला.

तो सुट्टीवर आल्यावर क्रांतीच्या वकिलानं त्याचा जबाब नोंदवायला लावला. क्रांतीही ठाण्यात गेली. नाथाजी लंगडत आला, बरोबर आई, मागं विश्वजीत गाडीची किल्ली फिरवत. क्रांतीकडं बघून नाथाजीनं मान डोलावली. तिला वाटलं, आता आपण सुटलो.

"त्या दुपारी तुमच्या आईचा फोन कुणी उचलला होता?" फौजदारानं विचारलं.

नाथाजी आईकडं बघत राहिला. अंबूबाईनं हळूच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आठवत न्हाई, साहेब."

"नाथाजीदादा!" क्रांती उठून उभी राहिली. "माझ्याजवळ काय बोलला हुता तुमी?"

"मी कवा असलं बोललो हुतो तुला?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. जबाबाखाली सही करून त्यानं पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

वकील खालच्या आवाजात क्रांतीला म्हणाला, "बसा खाली. उगंच अंगाशी येईल."

ती बसली. समोर विश्वजीत अंबूबाईला हाताला धरून पायरी उतरवत होता.