वेबसाईटवरचं गव्हाळ घमेलं

आमच्या कारखान्याची वेबसाईट उघडायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात आमच्या मशीनवर ढीगभर घमेली तयार होऊन थंडही होत.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सिल्वासाजवळ राखोलीला माझा प्लास्टिकची काळी घमेली बनवायचा छोटासा कारखाना होता. वेबसाईट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. पण शेजारच्या कारखानदाराकडे ती नाही, एवढं पक्कं ठाऊक होतं. (धंद्यात एवढं ज्ञान पुरतं!) नाशिकहून मेव्हण्याला, इंजिनियर दिलीपला, बोलावलं. त्यानं वेबसाईट तयार केली आणि मी तिच्या माथ्यावर माझा भलामोठा फोटो चढवायला लावला.

"दाजी, फोटो फार जड आहे. पान उघडता उघडणार नाही."

"जड? अरे, या घरात सगळ्यात हलका मीच!"

"वजनाला नाही हो, फोनच्या तारेला जड!"

"ते काही नाही. गिऱ्हाइकाला मालक दिसलाच पाहिजे!"

नाशिकचे घाऊक व्यापारी भामरेशेठ त्याच संध्याकाळी वेबसाईट बघणार होते. पसंत पडलं तर वर्षभराची ऑर्डर! आम्हीही घरी कॉम्प्युटरपुढे बसलो. मी, बायको सुलभा, दिलीप आणि शेजारच्या जयाबेन. जयाबेननी तर डोक्यावर पदर घेतला. मोडेम किंचाळला आणि वरून खाली, सुतासुतानं चित्र उमटू लागलं. माणसाचं रूप टेलिफोनच्या तारेतून येतंय, हे बघून अंगावर खरंच काटा आला. आधी निळं आभाळ आलं. मग टक्कल. मग आणखी टक्कल. त्याखाली पुन्हा टक्कल!

"अहो, हे संपतं की नाही?" सुलभा कुजबुजली.

"माणस आवे छे," जयाबेननी हात जोडले. "धीरज राखो!"

चहा झाला, भुवया आल्या. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, नाक आलं. मिशी उमटली तेव्हा दिलीपच्या डोळ्यांत पाणी होतं. (टक लावून बघितल्यानं, असं तो म्हणतो.)

त्यानं इंटरनेट बंद केलं आणि लगेच फोन खणखणला. भामरेशेठ!

"बघितली बरं का वेबसाईट. म्हणजे, दिसली तेवढी. मग कंटाळून बंद केली."

"कशी वाटली?" मी विचारलं.

"झकास! पण तुम्ही काळीच घमेली करता ना? मग ते सगळ्यात वर पालथं ठेवलेलं गव्हाळ घमेलं कुठलं? काय चकाकी हो त्याला! भाव काय त्याचा?"

माझा हात आपोआप डोक्यावर गेला.

"ते... विक्रीला नाही, शेठ. घरच्या वापराचं आहे."

दिलीपनं माझ्या डोळ्यांदेखत फोटो काढून टाकला. पान झटक्यात उघडू लागलं, भामरेशेठनी सगळा माल बघितला आणि ऑर्डर दिली. काळ्या घमेल्यांचा भाव पुढे पुष्कळांनी विचारला. मालकाचा भाव विचारणारं गिऱ्हाईक मात्र तेवढं एकच!