आम्ही ट्रेलर झालो तो रविवार

माझे सासरे, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं मामाजी, आयुष्यभर रेल्वेत मालगाडीचे डबे तपासत आले. हातात लांब दांड्याची हातोडी, चाकावर एक ठोका, कान देऊन आवाज ऐकायचा आणि पुढच्या चाकाकडे सरकायचं. निवृत्त झाल्यावर मात्र ते नुसते बसून राहिले. पेपर वाचायचे, चहा प्यायचे, दुपारी झोपायचे, उठून पुन्हा तोच पेपर वाचायचे. मी रायपूरच्या शंकर नगरातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. संध्याकाळी घरी आले की ते विचारायचे, ‘‘आज काय टाइप केलं?’’ मी सांगायची. ते मन लावून ऐकायचे. इतका कंटाळा माणसाला यावा याचं मला वाईट वाटायचं.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं, आणि शहराबाहेर शेतांमधून आणखी नवी राजधानी बांधायची म्हणून माती खणायचं काम जिकडेतिकडे निघालं होतं. माझ्या नवऱ्यानं त्या भरात एक जुनं पोकलेन घेतलं. खणायला ते वाघ होतं. अडचण एकच, साखळीवर चालणारं वीस टनांचं ते धूड डांबरी रस्त्यावरून नेता येत नाही. एका कामावरून दुसऱ्या कामावर न्यायचं तर ट्रेलर भाड्यानं आणायचा, आणि भाड्याचा ट्रेलर कधीच सांगितल्या दिवशी यायचा नाही. एकदा तर अभनपूरजवळ तीन दिवस हे मशीनजवळ खाट टाकून बसले. चौथ्या दिवशी घरी आले, हातपाय न धुता खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘‘मले आता सोताचाच ट्रेलर पाहिजे.’’

मामाजींनी पेपर खाली ठेवला. ‘‘कोणता?’’

त्या एका शब्दानं आमच्या घराची घडीच मोडली. दुसऱ्या दिवसापासून मामाजी सकाळी सातला तयार होऊन बसायला लागले. जुनी हातोडी त्यांनी माळ्यावरून काढली, दांड्याला तेल लावलं. माझ्या ऑफिसमधले पाठकोरे कागद मागून घेतले आणि त्यांवर चाकं काढू लागले. जेवताना एक्सल, चहाला एक्सल. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणाल्या, ‘‘लग्न जुळवून राहिले की गाडी घेऊन राहिले?’’

प्रश्न लग्नासारखाच होता. पुढचा ओढणारा ट्रक, ज्याला तिकडे सगळे घोडा म्हणतात, तो एक आणि मागचा ट्रेलर दुसरा. दोघांचं जमलं पाहिजे. ट्रेलर बांधणाऱ्या एका यार्डात ह्यांचं मन पहिल्याच दिवशी एका लाल ट्रेलरवर बसलं. चाळीस फुटी, मागे तीन एक्सल, बाजूला पिवळ्या वेली रंगवलेल्या. ‘‘याच्यावर उद्या दोन मशिनी मावतील,’’ हे म्हणाले. एकच मशीन होतं आमच्याकडे, पण त्या दिवसांत आम्हाला दोन म्हणजे काहीच वाटत नव्हतं.

मामाजी ट्रेलरभोवती फिरले. जोडावर ठोका, कान, पुढचा जोड. यार्डाचा मिस्त्री, धमतरीकडचा एक शांत माणूस, हाताची घडी घालून बघत होता. एका जागी मामाजी थांबले, पुन्हा ठोकलं.

‘‘इथं आवाज बद्द येऊन राहिला.’’

मिस्त्रीनं हाताची घडी सोडली. ‘‘हव बाबूजी. वहाँ फिर से वेल्डिंग करना है. सोचा था रंग के पहले कर देंगे.’’

‘‘रंग तो हो गया,’’ मामाजी म्हणाले.

मिस्त्री हसला. मग मीही हसले, मग हे. त्यानंतर तो मिस्त्री आमचा माणूस झाला. मामाजी आले की आधी खुर्ची, मग चहा, मग यार्डातल्या प्रत्येक ट्रेलरवर एक ठोका.

दुसरं स्थळ होतं दहा चाकी ट्रकचं, ट्रेलर वगैरे काही नाही, सरळ ट्रकच्या पाठीवर मशीन. स्वस्तात मिळत होता. मामाजींनी मला टेपचं एक टोक हातात देऊन ट्रकवर चढवलं. साडी खोचून मी वर उभी, खाली ते आकडे लिहीत होते. ‘‘याच्यावर मशीन चढलं तर खेड्यातल्या विजेच्या तारा गोळा करत जाशील,’’ ते ह्यांना म्हणाले. ते स्थळ तिथंच मोडलं.

उरला तिसरा, मिस्त्रीच्याच यार्डातला बुटका. त्याचा पाट जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर, लांबीला अठ्ठावीस फूट, मागे दोन एक्सल. मामाजींना तो एका नजरेत आवडला. ह्यांचा चेहरा पडला. ‘‘हा तं बसल्यासारखा दिसून राहिला.’’

आठवडाभर घरात लांब की बुटका एवढंच चाललं. मग शनिवारी मामाजींनी विचारलं, पुढचं काम कुठं आहे. हे म्हणाले, अभनपूरच्या पलीकडे, गावातून जावं लागतं, गावात एक वळण आहे. ‘‘उद्या जाऊ,’’ मामाजी म्हणाले. ‘‘दोर घ्या. आठ-आठ फुटांचे दोन बांबू घ्या.’’

रविवारी सकाळी आम्ही तिघं त्या वळणावर उभे होतो. एका बाजूला किराणा दुकानाचा ओटा, दुसऱ्या बाजूला हँडपंप. मामाजींनी समजावलं ते असं: पुढचा बांबू आडवा धरून ते चालणार, म्हणजे ते घोडा. मागचा बांबू मी आणि हे दोन टोकांना धरणार, म्हणजे आम्ही मागची चाकं. मध्ये चाळीस फूट दोर, सतत ताणलेला. घोडा गेला त्या वाटेनं जायचं नाही, आपल्या जागेवरून सरळ घोड्याकडे चालायचं. ट्रेलरची चाकं तशीच चालतात.

‘‘लोकं पाहून राहिले,’’ हे हळूच म्हणाले.

‘‘पाहू दे. चाकाले लाज नसते.’’

घोडा निघाला. मामाजी तोंडानं इंजिनाचा आवाजही काढत होते, बहुधा त्यांना स्वतःला कळत नव्हतं. वळणाशी त्यांनी मोठा वळसा घेतला, आणि आम्ही दोराच्या ओढीनं सरळ त्यांच्याकडे, म्हणजे थेट दुकानाच्या ओट्याकडे चाललो. मी थांबायला हवं होतं, पण चाक थांबत नाही. मी ओट्यावर चढले, कांद्याच्या पोत्याला अडखळले आणि त्यावरच बसले. दुकानातली म्हातारी वाकून माझ्याकडे बघत होती.

‘‘का करथस नोनी?’’ पोरीला तिकडे नोनी म्हणतात आणि आईला दाई.

‘‘हम ट्रेलर हैं, दाई,’’ मी म्हटलं.

तिनं दोरावरून पार मामाजींपर्यंत नजर नेली. मग म्हणाली, ‘‘बड़े लंबे हो.’’

मला हसू आवरेना. हे पलीकडे बांबूचं टोक धरून उभे होते, आधी रागात, मग त्यांचेही खांदे हलायला लागले. मामाजी चाळीस फुटांवरून ओरडून विचारत होते, ‘‘काहून थांबले?’’ आणि मला सांगताच येत नव्हतं. हँडपंपावरच्या बायका घागरी ठेवून हसत होत्या. एकीनं तर येऊन बांबू मधोमध धरला, म्हणाली एक्सल कमी पडतोय.

मामाजींनी दोर मोजून बुटक्याइतका, अठ्ठावीस फूट केला. पुन्हा निघालो. या वेळी मी ओट्याला पदर घासून, पण जमिनीवरून, वळणाबाहेर पडले. तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी हे घोडा झाले आणि मामाजी चाक, कारण त्यांना दोन्हीकडून बघायचं होतं. परतताना ह्यांनी गाडीत स्वतःहून म्हटलं, ‘‘बुटकाच घेऊ.’’ पिवळ्या वेली मात्र त्यांनी मिस्त्रीकडून बुटक्यावरही रंगवून घेतल्या.

बुटक्याला साजेसा जुना घोडाही घेतला, आणि पहिल्या खेपेला एका मुरलेल्या ड्रायव्हरसोबत मामाजी केबिनमध्ये बसले. मी ऑफिसात रजा टाकली होती. मागून स्कूटरवर ह्यांच्या पाठीशी मी बसले होते. वळणाशी सगळं गाव जमलेलं. घोडा वळला, ट्रेलर वळला, मागची चाकं ओट्यापासून वीतभर अंतरावरून गेली. ड्रायव्हरला वाटलं हे त्याचं कसब, आणि आम्हीही त्याला तसंच वाटू दिलं.

एक गोष्ट मात्र आमच्या तिघांच्याही डोक्यात आली नव्हती, की हा उभा कुठं करायचा. आमच्या गल्लीत तो शिरतच नव्हता. शेवटी मिस्त्रीनंच आपल्या यार्डात जागा दिली, आणि मामाजी रोज सकाळी तिकडे जायला लागले. आधी आमचा ट्रेलर बघायला, मग दुसऱ्यांचे तपासायला. गिऱ्हाईकं त्यांची वाट बघत थांबायची.

पुढे लोकांनी ट्रेलरच मागायला सुरुवात केली. कुणाचा रोलर, कुणाचा ट्रान्सफॉर्मर, एका राइसमिलचा बॉयलर. पोकलेन धूळ खात पडलं, तेव्हा ह्यांनी एका दिवाळीआधी ते विकून टाकलं. मी म्हटलं, ‘‘पण ट्रेलर तर त्याच्यासाठी घेतला होता.’’

हे म्हणाले, ‘‘हव,’’ आणि दुसऱ्याचं मशीन न्यायची वेळ ठरवायला फोन उचलला.