झिजलेलं लायनर

जळक्या ब्रेकचा वास आला की भोरमधलं ते गॅरेज आठवतं आणि अजून माझं डोकं फिरतं. स्कूटरचे ब्रेक नीट लागत नव्हते, म्हणून लायनर बदलायला गाडी तिथं दिली होती. घ्यायला गेले तेव्हाही ब्रेक ढिलेच वाटले. तसं म्हटल्यावर मेकॅनिक हसला, "ताई, नवं लायनर हाय, बसायला येळ लागतो. बायकांना उगाच भ्या वाटतं." उभी असलेली गिऱ्हाइकंही हसली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना मागं बसवून आमच्या गावाहून, हिर्डोशीहून निघाले. उतारावर ब्रेक लागेचनात. मी गाडी कडेच्या मातीत घातली, दोघी पडलो आणि सासूबाईंचं मनगट मोडलं. प्लॅस्टर घातल्यावर स्कूटर टेम्पोत टाकून, त्यांना घेऊनच मी गॅरेजात गेले. "मालकांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो," तो म्हणाला. "गाडी मी चालवते. चाक खोला," मी म्हणाले. सगळ्यांसमोर चाक उघडलं, तर आत जुनंच, झिजून गुळगुळीत झालेलं लायनर. "गडबडीत ऱ्हायलं आसंल," तो पुटपुटला. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हायलं न्हाई. तू माझ्या सुनंशी खोटं बोललास." त्यांना त्या हातानं अजून भाकरी थापता येत नाही. त्याचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग मला माझा येतो. ब्रेक लागत नाहीत हे मला कळलं होतं, आणि चार माणसं हसली म्हणून मी गप्प बसले.