दक्षिण भिंतीवरचं मरण

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की जर्मनीतल्या वाल्डॉर्फमधल्या आमच्या तीन खोल्यांत मृत्यूने प्रवेश केला. त्याला मीच हायडेलबर्गहून बसने, मांडीवर धरून आणलं.

ते एक जुनं प्रतीकवादी छापचित्र होतं. तांब्याचा पत्रा आधी असा खरवडायचा की तो नुसता काळाकुट्ट छापला जाईल. मग घासून घासून त्या काळ्यातून उजेड बाहेर काढायचा. आमच्या चित्रात एवढ्या खटाटोपातून निघाला होता एक दाढीवाला म्हातारा. डोळे मिटलेले, अंधाऱ्या पाण्यात हनुवटीपर्यंत बुडालेला. मी खुळावलोच होतो.

तेव्हा पुण्याहून सासरे मुक्कामाला आलेले. बूट काढायच्या आधीच म्हणाले, "जावईबापू, घरात यम टांगलात?"

"बाबा, ही कला आहे."

"असेल. आमच्याकडे ती तिरडीवर नेतात."

आठवडाभर आम्ही एकमेकांना मीठसुद्धा सरकवलं नाही. शेवटी बायकोने निकाल दिला. रविवारी सत्यनारायण होता. आलेल्यांपैकी एकानेही नाक मुरडलं, तर चित्र खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, जुन्या सायकलींशेजारी.

सासऱ्यांना तेवढाही धीर नव्हता. "देवासमोर हे नको. यमाची दिशा दक्षिण," म्हणत त्यांनी स्वतःच ते दक्षिणेच्या भिंतीवर हलवलं. आपल्याकडे त्या भिंतीवर कोणाचे फोटो लागतात, हे रागाच्या भरात त्यांना सुचलं नाही. मला सुचलं. मी हातोडी आणून दिली.

रविवारी पुण्याहून नुकतीच आलेली बायकोची मैत्रीण दारातून आत आली, भिंतीकडे पाहून थबकली. देवासाठी आणलेला हार तिने हळूच चौकटीला घातला, हात जोडले आणि बायकोला जवळ घेतलं. "बाबा कधी गेले गं? कळवलंही नाहीस!"

तिच्या मागेच सोवळं नेसून, चित्रातल्यासारखीच दाढी कुरवाळत सासरे उभे. मी फिस्सकन हसलो.

"हसता काय?" ते कडाडले. पाहुण्यांच्या हातातले द्रोण जागीच थांबले. "यांनी मला जिवंतपणी हार घालायला लावला! आठवडाभर सांगतोय, कोणी ऐकत नाही! आज, आत्ता ठरवा. या घरात तो राहील, नाहीतर मी!"

शिऱ्याचं पातेलं हातात धरलेल्या बायकोच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तो निदान तोंड तरी उघडत नाही!"